‘परसुएशन मारतो’ म्हटल्यावर डीएमने काय करायचं

हे वाक्य रोलप्लेइंग गेमच्या प्रत्येक टेबलवर ऐकू येतं (डीएम म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा; परसुएशन म्हणजे समोरच्याला पटवायचं स्किल). समोर पहारेकरी उभा आहे, डीएमने त्याचं मिशांपासून वहाणांपर्यंत वर्णन केलंय, आणि प्लेअर फोनमधून मान वर न काढता म्हणतो "परसुएशन मारतो", वीस बाजूंचा डाइस पडतो, बोनस मिळवून "तेवीस!" आणि मग सगळे डीएमच्या तोंडाकडे बघत बसतात. आता तेवीसचं करायचं काय? दार उघडायचं? किल्ल्या द्यायच्या? की नोकरी सोडून पार्टीबरोबर, म्हणजे प्लेअरच्या टोळीबरोबर, निघायचं? कुणालाच सांगता येत नाही, कारण त्याच्याकडे नेमकं काय मागितलंय हे अजून ठरलेलंच नाहीये.

मी डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्सची) पाचवी एडिशन चालवतो म्हणून उदाहरणं तिकडची देतोय, पण बाकी गेम्सनाही हे बऱ्यापैकी लागू पडतं. माझं म्हणणं थोडक्यात असं की डाइस फक्त एनपीसीचं (डीएम चालवतो त्या पात्राचं) उत्तर ठरवतो. काय मागायचं, कशाच्या जोरावर मागायचं आणि आपल्या कॅरेक्टरला मनातून काय वाटतं, ह्या तीन गोष्टी प्लेअरच्या आहेत, त्या डाइसच्या हातात द्यायच्या नाहीत आणि डीएमने पण घ्यायच्या नाहीत.

आधी मागणी, मग डाइस

प्लेअर रोल म्हणाला की डाइस उचलू द्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा. त्याने काय करावं असं तुला वाटतं? आणि त्याने ते का करावं? बस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लाच असेल, धमकी असेल, जुनी ओळख असेल, थाप असेल, नुसती गयावया असेल, काहीही चालेल पण काहीतरी असायला पाहिजे, आणि ह्या उत्तरावरूनच कळतं की परसुएशन लागणार, डिसेप्शन (फसवणं) लागणार की इंटिमिडेशन (धमकावणं). प्लेअरने स्किलचं नाव घेऊन सुरुवात केली म्हणून चिडायचं काही कारण नाही, कॅरेक्टर शीटवर तेच लिहिलंय तर बिचारा तेच वाचणार.

मग तुम्ही स्वतःशी ठरवा की ह्यात रोलची गरज तरी आहे का. एनपीसी तसाही हो म्हणणार असेल तर रोल नको, हो म्हणा आणि पुढे चला. मेला तरी करणार नाही अशी गोष्ट असेल तरी रोल नको. मधलं जे उरतं, म्हणजे करू की नको करू अशी घालमेल, तिथेच डाइस. २०२४ च्या नव्या नियमांत हे सरळच लिहून टाकलंय, एनपीसी तयार असेल किंवा अजिबात तयार नसेल तर चेकच (म्हणजे रोलच) नाही, कां-कूं करत असेल तरच चेक, आणि त्याचा डीसी (गाठायचा आकडा) १५ किंवा त्या प्राण्याचा इंटेलिजन्स स्कोअर, जो मोठा असेल तो. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाईडमध्ये तक्ता आहे, मित्रासारखा, तटस्थ आणि वैरी अशा तीन वृत्ती आणि प्रत्येकीला ०, १० आणि २० असे डीसी. लोक हा तक्ता बघतच नाहीत आणि मला तो नव्या नियमापेक्षा जास्त आवडतो. त्यात वैऱ्यासमोर २० मारले तरी जास्तीत जास्त काय मिळतं, तर ज्यात त्याला धोका नाही आणि पदरचं काही जात नाही तेवढंच काम. थोडा धोका पत्करायला तटस्थ माणूस २० ला तयार होतो, आणि मोठा धोका फक्त मित्र पत्करतो, तोही २० लाच. म्हणजे तेवीस आले म्हणून राजा मुकुट काढून देत नाही, असं पुस्तकच सांगतंय.

अजून एक मोजमाप हाताशी ठेवा. चार्म पर्सन हा स्पेल (मंत्र) टाकल्यावर समोरचा तुम्हाला ओळखीतला चांगला माणूस समजतो, तो गुलाम होत नाही, आणि स्पेल संपला की आपल्यावर जादू झाली होती हे त्याला कळतं. एक अख्खा स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) घालून एवढंच मिळत असेल तर फुकटात मारलेल्या परसुएशनने त्याच्यापेक्षा जास्त कसं काय मिळेल?

जुन्या ३.५ एडिशनमध्ये (२००३) नेमकी हीच पंचाईत होती. डिप्लोमसीचा (तेव्हाच्या परसुएशनचा) तक्ता असा की डीसी ५० गाठला तर खुनशी शत्रू थेट मदतनीस, घाईत एका राउंडमध्ये करायचं असेल तर उणे १०. कमी लेव्हलला हे आकडे अशक्य वाटायचे पण लोकांनी बोनसवर बोनस रचून डिप्लोमॅन्सर नावाची बिल्डच (पात्र घडवायची रीत) काढली, आणि मग ड्रॅगनशी लढायचं कशाला, नुसतं बोलायचं. ऐकायला मजेशीर आहे, टेबलवर दोन सेशननंतर बाकीचे जांभया द्यायला लागतात.

एनपीसीची तीन वाक्यं

प्रेप करताना महत्त्वाच्या एनपीसीसाठी पानभर इतिहास लिहू नका, कुणी विचारत नाही. तीन वाक्यं लिहा. त्याला काय हवंय, कशाची भीती आहे, आणि काय केलं तरी काय करणार नाही. तिसरं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण नाही कुठे आहे हे पक्कं असलं की बाकी सगळीकडे मोकळेपणाने हो म्हणता येतं.

माझ्या एका होमब्रू, म्हणजे स्वतः रचलेल्या, कॅम्पेनमध्ये बंदरावरच्या जकात चौकीत बाळोजी नावाचा म्हातारा कारकून होता. हवंय काय, लेकीचं लग्न ठरलंय आणि पैसे कमी पडतायत. भीती कशाची, नवा सुभेदार रोज सकाळी वही तपासतो. काय करणार नाही, वहीतलं पान फाडणार नाही आणि नोंद सोडणार नाही, आयुष्यभर तेच केलंय बाबाने. पार्टीकडे एक पेटी, तिच्यात काय आहे ते विचारू नका, ती रात्रीत बोटीवर चढवायची होती.

"मी परसुएशन मारते," वॉरलॉक (जादूगाराचं पात्र) खेळणारी म्हणाली.

"मागतेयस काय त्याच्याकडे?"

"जाऊ दे म्हणून."

"पेटी न उघडता जाऊ दे, की पेटीची नोंदच करू नको?"

ती थांबली. "...दोन्ही?"

मग मी डाइस न टाकता बाळोजीच्या तोंडून सांगितलं, "पोरी, वही काही कोरी राहायची नाही. चौकीतून गेलं ते वहीत आलं." पेनाचं टोपण लावून वही मिटायला घेतली. झालं, आता टेबलला कळलं की भिंत कुठे आहे. आणि इथून पुढे जे झालं ते मी काही ठरवलेलं नव्हतं, रोगवाला (रोग म्हणजे चोर-ठकाचं पात्र) म्हणाला की मग नोंद करू दे की, फक्त पेटीत मीठ आहे असं लिहू दे. वॉरलॉक म्हणाली, "काका, नोंद कराच तुम्ही. मीठ, एक पेटी. आणि मिठावरची जकात आम्ही भरतो, लग्नघरी उपयोगी पडेल एवढी." आता बघा, मागणी बदलली, जोर कशाचा तेही आलं, आणि म्हाताऱ्याची वही कोरी राहत नाही त्यामुळे त्याची घालमेल खरी आहे. डीसी १५, लग्नाचं बरोबर हेरलं म्हणून ॲडव्हान्टेज (दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा). रोल करेपर्यंत सगळे पुढे सरकून बसले होते.

ह्यात मी पहिल्यांदाच रोल करू दिला असता आणि तिला तेवीस आले असते तर मला एकतर म्हाताऱ्याचा स्वभाव मोडावा लागला असता नाहीतर तेवीस वाया गेले म्हणून तिचं तोंड पडलं असतं. रोगवाल्याचं मीठ तर बाहेरच आलं नसतं.

लग्नाचं त्यांना कळलं कसं? चौकीत अर्धवट लिहिलेली आमंत्रणाची यादी पडलेली होती आणि मी ती वर्णनात घातली होती. तुमची पहिली दोन वाक्यं अशी समोर दिसायला पाहिजेत, डीएमच्या वहीत राहून उपयोग नाही. डायरेक्ट सांगा, इशारे करत बसू नका, तुम्हाला जो इशारा ढळढळीत वाटतो तो प्लेअरला दहातून दोनदा दिसतो.

चांगलं बोलणाऱ्याला जास्त का?

वाद जुना आहे. एक बाजू म्हणते अभिनय करा तर बक्षीस, दुसरी म्हणते बार्बेरियनवाला खरोखर कुऱ्हाड फिरवून दाखवत नाही मग बार्डवाल्याने (बार्ड म्हणजे गोडबोल्या भाटाचं पात्र) का भाषण ठोकायचं. दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की काय बोललास त्याला किंमत, कसं बोललास त्याला नाही. टेबलवर एखादा अबोल माणूस असतो, करिस्मा (छाप पाडायची ताकद) १८ चा पॅलाडिन (धर्मयोद्धा) घेऊन बसलेला, त्याने नुसतं "मी त्याला सांगतो की सुभेदाराला कळलं तर तोही अडकेल" एवढं थर्ड पर्सनमध्ये म्हटलं तरी तो पूर्ण मुद्दा आहे आणि त्याला पूर्ण मार्क. आणि जो मित्र कॉलेजात एकांकिका करायचा त्याने पाच मिनिटं सुंदर संवाद म्हटला पण त्यात मागणीच नाही, तर टाळ्या वाजवा आणि मग विचारा, "मस्त, पण मागतोयस काय?"

मुद्दा चांगला असेल तर डीसी कमी करा, ॲडव्हान्टेज द्या किंवा रोलच काढून टाका. ॲडव्हान्टेज किती मोठा आहे ते बघा, +५ वाल्याला डीसी १५ गाठायचा चान्स ५५ टक्के, ॲडव्हान्टेजने तोच जवळपास ८० होतो. एवढं एका विचारपूर्वक वाक्यावर मिळतंय हे प्लेअरना एकदा कळलं की फोन आपोआप खाली जातात.

मराठीत खेळत असाल तर अजून एक गंमत फुकट मिळते, म्हाताऱ्या सरदाराला "ए" म्हणून हाक मारली की डीसी चढला, ते मला सांगावं पण लागत नाही, टेबलच "अरे अहो म्हण!" म्हणून ओरडतं.

इंटिमिडेशनबद्दल थोडंसं, २०१४ च्या नियमांत स्किलला दुसरी ॲबिलिटी जोडायची सोय आहे, तेव्हा हाफ-ऑर्कने (अर्ध्या राक्षसाने) टेबल उचलून आपटलं तर स्ट्रेंग्थ लावा, करिस्मा कमी आहे म्हणून त्याला कोकरू करू नका. आणि धमकीने काम झालं तरी तो माणूस नंतर काय करेल ते लिहून ठेवा. घाबरलेला माणूस पाठ वळली की तक्रार करतो.

"मी पण मारतो"

पहिल्याचा रोल पडला की लगेच दुसरा, मग तिसरा. हे बंद करा, गणितासाठी तरी. अजिबात बोनस नसलेल्या माणसाला डीसी १५ गाठायचा चान्स ३० टक्के, पण असे चौघे एकामागून एक रोल मारायला लागले तर कुणाचा तरी लागायचा चान्स ७६ टक्के. म्हणजे करिस्मावर पॉइंट घातलेल्या एकट्या बार्डपेक्षा चार ढ लोक भारी पडतात, मग त्याने ते पॉइंट घातले कशाला?

बर्निंग व्हील नावाच्या गेममध्ये ह्यावर स्पष्ट नियम आहे, एकदा रोल झाला की परिस्थिती बदलेपर्यंत तोच निकाल. २०२४ च्या डी अँड डीमध्ये पण फसल्यावर त्याच पद्धतीने परत गळ घालायला चोवीस तास थांबावं लागतं, डीएम वेगळी मुदत ठेवू शकतो. मी दोन्हीचं मिळून वापरतो, नवा मुद्दा आणा, नवी लाच आणा, नवा पुरावा आणा, मग नवा रोल. नुसता नवा माणूस चालणार नाही. ज्याला भाग घ्यायचाय त्याने हेल्प करावी आणि काय बोलून हेल्प करतोय ते सांगावं. आणि सगळ्या पार्टीने मिळून यात्रेकरूंचं सोंग घेतलंय असलं काही असेल तर ग्रुप चेक, निम्मे पास म्हणजे सगळे पास.

फसलं म्हणजे दार बंद नाही

रोल करायच्या आधी तुमच्या डोक्यात फसल्यावर काय होणार ते तयार पाहिजे, आणि "तो नाही म्हणतो" हे सगळ्यात कंटाळवाणं उत्तर आहे. सीन तिथेच मरतो. त्यापेक्षा किंमत वाढवा. बाळोजीचा रोल फसला असता तर मी काय ठेवलं होतं, तो "मीठ" लिहितो पण म्हणतो की नमुना म्हणून मूठभर इथे ठेवून जा, सुभेदार सकाळी बघतो. आता पार्टीने मध्यरात्री मीठ शोधायचं, की पेटी परत न्यायची, की म्हाताऱ्यालाच खरं सांगायचं? चॉइस परत त्यांच्याकडेच गेला. थोडक्यात हुकलं असेल तर हो पण महाग, चांगलंच हुकलं असेल तर नाही आणि वर काहीतरी गडबड.

किंमत आधी सांगायची का? मी सांगतो, बहुतेक वेळा. "हे फसलं तर तो पहारा बोलावेल, तरी करायचंय?" सस्पेन्स जातो म्हणतात लोक, पण जोखीम माहीत असताना उचललेला डाइस जास्त जोरात आपटला जातो. नको असेल तर प्लेअर मागे फिरू शकतो, तोही चॉइसच.

प्लेअरच्या डोक्यात शिरू नका

आता उलटी बाजू. एनपीसीने पार्टीवर परसुएशन मारायचं का? वजीर गोड बोलतोय, तुम्ही पडद्यामागे रोल केला, एकोणीस आले, आणि तुम्ही म्हणालात "तुम्हाला त्याचं पटतं". नाही, पटत नाही! त्या माणसाकडे टेबलवर स्वतःचं असं एकच पात्र आहे, जग तुमचं, राजे तुमचे, ड्रॅगन तुमचे, हवामान पण तुमचं, निदान त्याच्या कॅरेक्टरचं मत तरी त्याला राहू द्या. जादूची गोष्ट वेगळी, स्पेल लागला तर सेव्हिंग थ्रो (त्यातून वाचायचा रोल) मिळतो आणि तो नियम सगळ्यांनी आधीपासून मान्य केलेला असतो.

मग वजीर पटवणारा आहे हे दाखवायचं कसं? तर खरोखर पटण्यासारखं काहीतरी त्याच्या तोंडी द्या. त्याच्याकडे पार्टीला हवी ती गोष्ट असू द्या. चांगला सौदा समोर ठेवला की प्लेअर आपणहून पाघळतात, रोल लागत नाही. बाकी गेम्समध्ये ह्यावर छान युक्त्या आहेत. अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये (२०१०) दुसऱ्या प्लेअरच्या कॅरेक्टरला पटवायचा रोल चांगला लागला तरी तो "आता तू ऐकतोस" असं म्हणत नाही, ऐकलंस तर एक्सपीरियन्स मिळेल, नाही ऐकलंस तर तुला जड जाईल, ठरव तू, असा मामला. फेट नावाच्या गेममध्ये तुमच्या कॅरेक्टरच्या दोषावर बोट ठेवून फेट पॉइंट पुढे करतात, घेतलात तर अडचणीत पडा, नाकारायचं असेल तर स्वतःचा एक पॉइंट मोजा. डी अँड डीमध्ये ह्याला जवळचं म्हणजे इन्स्पिरेशन (पुढच्या रोलला कामी येणारं बक्षीस), "तुझ्या पात्राला स्तुती आवडते असं तूच लिहिलंयस, वजिराच्या बोलण्याला भुललास तर इन्स्पिरेशन देतो." लोक हसत हसत खड्ड्यात उडी मारतात.

पार्टीतल्या पार्टीत एकमेकांवर सोशल रोल, माझ्या टेबलवर बंद. दोन खऱ्या माणसांनी एकमेकांशी बोलावं. खोटं बोलायचं असेल तर ज्याच्याशी बोललं जातंय तो ठरवेल की त्याचं पात्र फसलं का, आणि खरं सांगतो, बहुतेक जण मजा म्हणून फसतात.

इनसाइटचं काय

इनसाइट (समोरच्याच्या मनातलं ओळखायचं स्किल) मारल्यावर "तो खरं बोलतोय" असं म्हणू नका, नाहीतर ते खोटं पकडायचं मशीन होतं आणि फसल्यावर "तुला तो खरा वाटतो" म्हणायची वेळ येते, म्हणजे आलो परत तिथेच, प्लेअरच्या डोक्यात. काय दिसतंय ते सांगा. "सुभेदाराचं नाव काढलं की त्याची नजर दाराकडे जाते." "पैशाचं बोललात तेव्हा उत्तर जरा लवकर आलं." अर्थ त्यांना लावू द्या. फसलं तर "चेहऱ्यावरून काही कळत नाही", संपलं. कुणी खोटं बोलत असताना दरवेळी रोल मागितला तर रोल मागण्यानेच चोरी पकडली जाते, त्यामुळे पॅसिव्ह इनसाइट, म्हणजे १० अधिक बोनस, सगळ्यांचा एका कागदावर लिहून डीएमच्या आडोशाच्या स्क्रीनमागे चिकटवून ठेवा आणि गुपचूप त्याच्याशी ताडून बघा.

एक जुनी युक्ती

डी अँड डी १९७४ मध्ये निघाला तेव्हा त्यात परसुएशन वगैरे स्किल नव्हतेच. होता तो रिॲक्शन रोल. १९८१ च्या बेसिक सेटमध्ये तो असा आहे, समोर कुणी आलं की डीएमने २डी६ (सहा बाजूंचे दोन डाइस) टाकायचे, २ आले तर लगेच हल्ला, १२ आले तर उत्साहाने दोस्ती, मध्ये ६ ते ८ ला त्याचं अजून काही ठरत नाहीये, आणि हेच सगळ्यात जास्त वेळा येतं, ३६ पैकी १६ वेळा. म्हणजे डाइस संभाषणाच्या आधी पडतो आणि बोलणं त्याच्यानंतर सुरू होतं. हे आजही वापरता येतं, खास करून प्रेप न केलेल्या एनपीसीसाठी. पार्टी अचानक एका कोळ्याच्या झोपडीत शिरली आणि तुमच्याकडे काहीच तयार नाही? २डी६ टाका. ४ आले, म्हणजे चिडलेला आहे. कशामुळे ते जागच्या जागी बनवा, जाळं फाटलंय म्हणा. ११ आले तर सौद्याला तयार आहे, मग त्याला काय हवंय ते बनवा. तीनपैकी एक वाक्य तिथेच मिळालं, उरलेली दोन पार्टी त्याच्याशी बोलत असताना सुचतात. त्यात बार्डवाला जाळं शिवून देतो म्हणाला तर परसुएशनचा डाइस हातात पण घेऊ देऊ नका, सरळ होडी द्या.